गोळीची बैठक

पाटोद्यावरून जामखेडकडे उतरलं की तिथून खर्डा फार लांब नाही. ११ मार्च १७९५ रोजी इथे मराठे आणि निजाम समोरासमोर आले. निजामाकडे रेमाँ या फ्रेंच सरदाराने तयार केलेल्या पलटणी होत्या आणि दौलतराव शिंद्यांच्या बाजूने पेराँ या फ्रेंच सेनानीची कवायती फौज होती. लढाई मराठ्यांनी जिंकली, पण आमचा बीड भाग पुढे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच राहिला. शाळेत आम्हाला एवढंच शिकवलं. त्या दिवशी माळावर उभ्या असलेल्या शिपायाचे हात काय करत होते, हे मात्र कोणी सांगितलं नाही. मला त्या हातांबद्दल सांगायचं आहे.

त्याच्या हातात ठासणीची बंदूक होती. कागदी काडतूस दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, वरून गोळी सोडायची आणि लोखंडी गजाने ती खाली ठासायची. गोळी दारूवर नीट टेकली पाहिजे. चार बार झाले की नळीत काजळी साचते, गोळी मध्येच अडकते आणि दारू व गोळी यांच्यामध्ये पोकळी राहते. तशा अवस्थेत चाप ओढला तर नळी फुगते, कधी फुटतेही. म्हणून ठासणीच्या बंदुका चालवणारे शौकीन आजही गजावर खूण करून ठेवतात. गज आत घातल्यावर खूण नळीच्या तोंडाशी आली तर गोळी जागेवर आहे, वर राहिली तर काहीतरी अडलं आहे. गोळीची खोली मोजण्याचं यापेक्षा साधं साधन दुसरं नसेल.

पुढे गज गेला आणि धातूचं काडतूस आलं. दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी अशा तिन्ही गोष्टी एका पितळी पुंगळीत बंद झाल्या. ‘घटनास्थळी रिकामी पुंगळी सापडली’ असं आपण बातम्यांत वाचतो, तीच ही पुंगळी. आमच्या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत बंदुकीचा विषय निघाला की माणसं आवाज खाली आणतात, आणि त्याला कारणं आहेत. २०२५ च्या सुरुवातीला जिल्हा प्रशासनाने शस्त्रपरवान्यांची फेरतपासणी करून अनेक परवाने रद्द केले. कमरेला पिस्तूल लावून मोठेपणा मिरवणाऱ्यांबद्दल मला काडीचाही आदर नाही. पण त्यांच्यामुळे एका अतिशय नाजूक, शिस्तीच्या विद्येकडे आपण पाठ फिरवावी, हेही मला पटत नाही. रायफलची नेमबाजी ही मोजमापाची विद्या आहे, आणि त्या मोजमापाचा गाभा गोळीच्या बैठकीत आहे.

पुंगळीच्या वरच्या टोकाला निमुळती मान असते. गोळीचा मागचा भाग त्या मानेत दाबून बसवलेला असतो. किती आत बसवला, ती त्या गोळीची बैठक. परदेशात लांब पल्ल्याचे हौशी नेमबाज वापरलेली पुंगळी स्वच्छ करतात, तिला पुन्हा आकार देतात, नवी टोपी आणि मोजलेली दारू भरतात आणि शेवटी हाताच्या प्रेसवर गोळी बसवतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, त्यामुळे घरच्या टेबलावर हे काम करता येत नाही. तरी त्यामागचं शास्त्र समजून घ्यायला काहीच आडकाठी नाही.

मानेत अर्धा मिलिमीटर इकडे किंवा तिकडे झालं, तर बिघडतं काय?

पहिली गोष्ट दाबाची. गोळी जितकी खोल, तितकी दारूसाठी आतली जागा कमी. तेवढीच दारू कमी जागेत पेटली की दाब वाढतो. थ्री-झीरो-एट नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रसिद्ध रायफल काडतुसात कमाल मान्य दाब ६२,००० पौंड प्रति चौरस इंच आहे, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या सुमारे दोन हजार पट. या आकड्याच्या आसपास थोडासा फरकही गोळीच्या वेगात दिसतो, आणि वेग बदलला की दूरच्या लक्ष्यावर गोळी वर-खाली लागते. उलट बाजूलाही धोका आहे. गोळी फार बाहेर ठेवली तर तिचा खांदा नळीतल्या पिळाला आधीच टेकतो. मग सुटताना तिला मोकळं अंतर मिळत नाही, सुरुवातीलाच पिळात घुसावं लागतं आणि दाब पुन्हा चढतो. त्यामुळे ‘जास्त खोल सुरक्षित’ किंवा ‘जास्त बाहेर अचूक’ असा सरसकट नियम इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट उडीची. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा आणि उंचवटे असतात. गोळी त्यांत अडकते, फिरू लागते आणि फिरत असल्यामुळे हवेत सरळ जाते. पण मानेतून सुटल्यापासून पिळाला लागेपर्यंत तिला एक छोटी उडी घ्यावी लागते. त्या उडीत ती किंचित तिरकी झाली तर तशीच पिळात शिरते. प्रत्येक रायफलची, प्रत्येक आकाराच्या गोळीची आवडती उडी वेगळी असते आणि ती चाचणी करूनच सापडते. एकदा सापडली की ती पहिल्या गोळीला जेवढी, तेवढीच विसाव्या गोळीलाही मिळाली पाहिजे. सारी मेहनत या ‘तेवढीच’साठी आहे.

काटेकोर नेमबाज किती फरक चालवून घेतात? इंचाचा एक-दोन हजारावा भाग, म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर. माणसाचा केस बहुतेक वेळा याहून जाड असतो.

आता मोजायचं कसं? नवखा माणूस व्हर्निअर कॅलिपर घेतो, काडतुसाच्या बुडापासून गोळीच्या टोकापर्यंत मोजतो आणि बुचकळ्यात पडतो. एकाच प्रेसवर, एकाच वेळी बसवलेल्या दहा काडतुसांची लांबी दहा प्रकारची येते. तो प्रेसला दोष देतो, त्यातला साचा म्हणजे डाय बदलतो, आणि फरक तरी तसाच राहतो.

ही चूक मला चटकन कळली, कारण मी ती शेतात केलेली आहे. आमची जमीन गोदाकाठची, काळी आणि भारी. मृगाचा पाऊस झाला, वापसा आला की वडील तिफणीमागे चालायचे आणि चाड्यावर मूठ आई धरायची. सोयाबीनचं बी तीन ते पाच सेंटिमीटर खोल पडावं. त्याखाली गेलं की कोंब वर यायला झगडतो, वर राहिलं की उन्हाने सुकतं. एका वर्षी मी शहाणपणा करून फूटपट्टी घेतली आणि तासात बी किती खोल पडलं ते मोजू लागलो. कुठे सहा, कुठे तीन, कुठे साडेसात. वडिलांना म्हणालो, “बाबा, तिफण बिघडलीय. खोली सारखी नाही.” ते खाली बसले, माझी पट्टी पाहिली आणि म्हणाले, “तू ढेकळाच्या डोक्यापासून मोजायलास. ढेकूळ बाजूला सार, मग मोज.” ढेकळं काढून मोजलं तर सगळीकडे चारच्या आसपास. तिफण ठीक होती. मी ज्या जागेपासून मोजत होतो, तीच जागा खाली-वर होती.

गोळीचं टोक म्हणजे हे ढेकूळ. स्पर्धेच्या गोळ्यांना बहुधा टोकाशी बारीक भोक असतं आणि त्याची कड कारखान्यात प्रत्येक वेळी थोडी वेगळी वळते. एखादी गोळी टोकाला जरा बोथट असते, एखादी जरा लांब. पण टोक पिळाला कधीच लागत नाही. पिळाला लागतो तो गोळीच्या निमुळत्या वळणाचा, जिथे तिची जाडी नळीच्या आतल्या व्यासाइतकी होते तो भाग. या वळणाला ओजाइव्ह म्हणतात. म्हणून जाणकार कॅलिपरच्या जबड्याला एक छोटा ठोकळा बसवतात. त्याला नळीच्या व्यासाएवढं भोक असतं. गोळीचा खांदा त्या भोकात अडेल तिथपर्यंत मोजायचं. मग त्याच दहा काडतुसांची मापं एकमेकांच्या जवळ येतात.

पूर्ण एक होत नाहीत, आणि त्याचं कारण आणखी सूक्ष्म आहे. गोळी बसवणाऱ्या डायच्या आत एक दांडी असते, तिच्या टोकाला उलट्या शंकूसारखी खळगी. ही खळगी गोळीला टोकावर दाबत नाही, दाबायला नकोच. ती गोळीच्या वळणावर, टोकाच्या थोडं खाली टेकते. पण मोजणारा ठोकळा टेकतो तो आणखी खाली, जाड भागावर. ढकलणारी जागा एक आणि मोजणारी जागा दुसरी. गोळ्यांच्या वळणात गठ्ठ्यागणिक फरक असेल तर या दोन जागांमधलं अंतर बदलतं, आणि प्रेसने काम बिनचूक केलं तरी माप हलतं. म्हणून काही लोक बसवण्यापूर्वीच गोळ्या मापाप्रमाणे निवडून वेगळ्या करतात. दांडीची खळगी गोळीच्या आकाराशी जुळत नसेल तर ती गोळीच्या अंगावर बारीक गोल वळ उमटवते. तो वळ दिसला की दाब चुकीच्या ठिकाणी पडतोय हे ओळखायचं.

मग येते मानेची पकड. पुंगळीचं पितळ साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचं. प्रत्येक बाराला मान फुगते, पुन्हा डायमध्ये घालून आवळावी लागते. फुगणं आणि आवळणं, फुगणं आणि आवळणं, यात पितळ कडक होत जातं. तार पुन्हापुन्हा वाकवली की ती कडक होऊन तुटते, तसंच हे. एका डब्यात दोनदा वापरलेल्या आणि सातदा वापरलेल्या पुंगळ्या मिसळल्या, तर काहींची मान सैल धरते, काहींची घट्ट. घट्ट मानेत गोळी बसताना प्रेसचा दांडा जड लागतो आणि सारी यंत्रणा अगदी किंचित लवते. सैल मानेत ती अलगद उतरते. खोली बदलते ती इथे. अनुभवी हात हा फरक मोजण्याआधी ओळखतो. दांडा नेहमीपेक्षा जड गेला की ते काडतूस बाजूला ठेवतात. मानेच्या तोंडाची आतली कड किंचित घासून गुळगुळीत केली, सगळ्या माना एकाच लांबीच्या कापल्या आणि आतली काजळी सारखीच ठेवली, तर हा त्रास बराच कमी होतो. दारू मानेपर्यंत भरलेली असेल तर तीही दबते आणि गोळीला हळूहळू वर ढकलते. आज घेतलेलं माप उद्या वेगळं येतं.

कडक झालेलं पितळ पुन्हा मऊ करायचं असेल तर फक्त मान तापवतात. या तापवण्याच्या इतिहासात आपला पावसाळा आहे. ब्रिटिश सैन्याला हिंदुस्थानात एक विचित्र अनुभव येत असे. पावसाळ्यात साठवून ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकत. कोणी हात लावलेला नसे, बार झालेला नसे, तरी मानेवर उभी चीर. हे विशिष्ट मोसमात घडे म्हणून त्या तडकण्याला मोसमाचंच नाव पडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये त्याचा उलगडा केला. काडतुसं घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली असत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळापर्यंत पोचे, आणि पुंगळी ओढून-दाबून बनवताना धातूत अडकून राहिलेला ताण त्या अमोनियाच्या जोडीने तिला फोडत असे. उपाय सोपा निघाला: बनवल्यानंतर पितळ तापवून आतला ताण काढून टाकायचा. आजही लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते, ती तापवल्याची खूण. तबेल्यातला वास आणि धातूच्या स्फटिकांची रचना यांचा असा संबंध असेल, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर थांबलो होतो.

महाराष्ट्राचा या धातूकामाशी जुना संबंध आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला भुसावळजवळ १९६० च्या दशकात आणखी एक कारखाना उभा राहिला आणि तिथे लहान शस्त्रांची काडतुसं बनतात. आज हे दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीखाली आहेत. लष्करी काडतुसाची गरज हौशी नेमबाजापेक्षा वेगळी. ते मॅगझिनमध्ये बसलं पाहिजे, यंत्रणेने झटक्याने आत ढकललं तरी गोळी मागे सरकता कामा नये, पाऊस लागला तरी ओल आत जाता कामा नये. म्हणून गोळीच्या कमरेला एक खाच असते, मानेची कड त्या खाचेत वळवून आवळतात, सांध्यावर लाखेसारखा थर देतात आणि गोळी उपसून काढायला किती जोर लागतो याची चाचणी घेतात. इथे बैठक त्या खाचेनेच ठरवलेली आहे. लाखो काडतुसं एकाच रायफलीत नव्हे, तर हजारो वेगवेगळ्या रायफलींत चालली पाहिजेत. तिथे प्रत्येक नळीची आवडती उडी पाहत बसता येत नाही.

आणि स्पर्धेतल्या नेमबाजाचं काय? १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून असे तीन प्रकार, आणि लक्ष्यावर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं. पन्नास मीटरवरून साध्या डोळ्यांना ते दिसतच नाही. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. या दोघांच्याही रायफलीत पॉइंट टू-टूचं काडतूस. ते पुन्हा भरताच येत नाही. त्याला वेगळी टोपी नसते. ठिणगीचं रसायन पुंगळीच्या बुडाच्या कडेत पसरलेलं असतं आणि पिन त्या कडेवरच आपटते. एकदा कड चेपली की ती पुंगळी संपली. गोळीची बैठक कारखान्याने ठरवली ती ठरवली. या काडतुसात आणखी एक गंमत आहे: गोळीचं अंग पुंगळीएवढंच जाड असतं आणि फक्त तिची टाच आत बसते. स्पर्धेच्या रायफलीत काडतूस आत सरकवताच गोळी पिळाला हलकेच टेकते, उडी जवळपास उरतच नाही.

मग नेमबाजाच्या हाती राहतं ते निवडणं. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळ्या दिवशी बनलेले गठ्ठे असतात, आणि एका नळीला एक गठ्ठा मानवतो, दुसरा मानवत नाही. रायफल घट्ट शिकंज्यात बांधतात, माणसाची थरथर, श्वास, नाडी बाजूला ठेवून गठ्ठ्यामागून गठ्ठा पन्नास मीटरवर मारून पाहतात. ज्या गठ्ठ्याची सगळी भोकं एकाच भोकासारखी दिसतात तो विकत घ्यायचा, जमेल तेवढा. बर्मिंगहॅमची इली किंवा फिनलंडची लापुआ अशा कंपन्यांनी यासाठी खास चाचणीगृहं ठेवली आहेत. हे सगळं स्वस्त नाही. स्वप्नीलच्या गोळ्यांसाठी त्याच्या शिक्षक वडिलांनी कर्ज काढलं होतं, हे पदकानंतर साऱ्या महाराष्ट्राने वाचलं. एका गठ्ठ्यातली एक गोळी दुसरीशी किती सारखी, या प्रश्नावर एका शिक्षकाच्या घराने असा पैसा लावला होता.

आमच्याकडे पॉइंट टू-टूची रेंज नाही. पण माझी पुतणी लातूरला शिकायला आहे, तिथे ती दहा मीटर एअर रायफल शिकते. या दिवाळीत ती घरी आली तेव्हा छर्र्यांचा डबा सोबत होता. साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा, मधे बारीक कंबर, डमरूसारखा. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ अशी मापं असतात. डोक्याचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. लक्ष्यावरचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. ती एकेक छर्रा उजेडात धरून त्याची मागची कड पाहत होती. कड जरा चेपलेली असली की छर्रा दुसऱ्या डबीत.

मी विचारलं, “एवढं करून तू तो नळीत बसवतेस कशाने?”

“अंगठ्याने, काका.”

“मग खोली सारखी कशी राहते?”

तिने डावा अंगठा पुढे केला. अंगठ्याच्या पेरावर, नखाच्या जरा खाली, शिशाचा करडा डाग बसला होता, धुऊनही न गेलेला. “सर म्हणतात, छर्रा कडेशी आला की थांबायचं नाही, पण जोरही करायचा नाही. अंगठ्याला गार लोखंड लागलं की बस्स. रोज शंभर वेळा करते, आता अंगठ्यालाच कळतं.”

आई ओसरीवर बसून ऐकत होती. तिने आपला उजवा हात उचलून पुतणीच्या हाताशेजारी ठेवला, मूठ वळली, आणि चाड्यावर धरतात तशी बोटं सावकाश सैल केली. “असंच,” ती म्हणाली, “बी सुटतंय का नाही ते बोटाला कळतं.” पुतणीने दोन्ही हात पाहिले आणि पुढचा छर्रा उजेडात धरला.